स्वगृहचौर्य

"चोरी?" दादासाहेबांनी माइकवर हात ठेवला, पण अर्धाच ठेवला, त्यामुळे पुढचं सगळं समोरच्या तीन हजार सभासदांना ऐकू गेलं. "अहो मास्तर, ह्या खेळात चोरीसुद्धा आहे?"

"आहे की," भाटवडेकर मास्तर म्हणाले. "नियम सत्तावन्न. तळचौर्य."

"आणि सापडला तर?"

"सापडला तर बाद. नाही सापडला तर लोक टाळ्या वाजवतात."

दादासाहेब म्हणजे आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन. शहाऐंशी साली ते अमेरिकेला ऊस बघायला गेले होते. ऊस किती बघितला देव जाणे, पण तिथल्या यजमानांनी एका संध्याकाळी त्यांना बेसबॉलचा सामना दाखवला आणि साहेबांच्या डोक्यात किडा वळवळला. कुस्तीत पलीकडच्या तालुक्याचा आमदार पुढं, कबड्डीत सूतगिरणी पुढं. बेसबॉलमध्ये अजून कुणीच नव्हतं! परत आल्या आल्या त्यांनी जिल्ह्यातल्या सहा सहकारी संस्थांना पगारी संघ काढायला लावले, फिरता चषक ठेवला, आणि ऊस गाळायला टाकतात त्या गव्हाणीसमोर जिथं उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथं मैदान आखलं. चार कोपऱ्यांवर चार तळ, म्हणजे बगॅस, उसाचा चोथा, भरलेली साखरेची चार पोती. सगळीकडं मळीचा वास.

खेळाडू म्हणून शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली आमच्यासारखी पोरं धरून आणली. मी, सोपान बुरुंगले, कागदावर वजनकाट्यावरचा हंगामी मदतनीस होतो. दोन तास काटा, बाकी दिवस बेसबॉल. काट्यावर मी जे बघितलं ते एवढंच सांगतो, की गाडीत जड असलेला ऊस काट्यावर आला की हलका व्हायचा आणि असं का होतं हे विचारायची आमच्याकडं पद्धत नव्हती.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. ते मराठीत आणायचं काम दादासाहेबांनी भाटवडेकर मास्तरांकडं दिलं. मास्तर चाळीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी चेंडू टाकणाऱ्याला क्षेपक केलं, त्याच्यासमोर बसून चेंडू झेलणाऱ्याला ग्राहक केलं (आम्हाला वाटायचं हा काय ग्राहक भांडारातून आलाय की काय), चुकीला प्रमाद केलं, आणि शेवटच्या तळाला स्वगृह. फटका मारायचा, तीन तळ फिरून स्वगृही यायचं, म्हणजे एक धाव. आणि फटका बसलेलाच नसताना, क्षेपक चेंडू टाकायच्या नादात असताना, आपल्या हिमतीवर पुढच्या तळावर पळत सुटायचं, त्याचं नाव चोरी.

मास्तर दादासाहेबांच्या कानाला लागले. "पण साहेब, ह्यात त्यागही आहे. दुसऱ्यासाठी आपण बाद व्हायचं. नियम एकोणसाठ."

झालं. दादासाहेबांनी माइकवरचा हात काढला.

"सभासद बंधूंनो! हा कारखाना म्हणजे आपलं घर आहे. ह्या घरात चोरी चालणार नाही. आमची पोरं हरतील, पण चोरी करणार नाहीत. आमची पोरं त्याग करतील!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. संचालक मंडळ तर उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी काट्यावरचा माणूस, त्यामुळं टाळ्या वाजवताना कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही.

नुसतं बोलून थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढच्या बैठकीत ठराव झाला. ठराव क्रमांक चौदा: कारखान्याच्या कोणत्याही खेळाडूने खेळात चोरी करू नये. ठरावाची प्रत बाकीच्या पाचही संघांना पोस्टानं गेली, म्हणजे आम्ही किती सभ्य आहोत हे त्यांना कळावं. त्यांना कळलं! त्या दिवसापासून आमचा माणूस तळावर उभा असला की समोरचा क्षेपक त्याच्याकडं ढुंकूनही बघेना. आम्ही खांबासारखे उभे, आणि ते आमच्या नाकासमोर चोऱ्या करून धावा लुटून नेत होते. तरी आम्ही रेटत रेटत अंतिम सामन्यापर्यंत पोचलो.

सामन्याच्या आदल्या दिवशी दादासाहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "चषक आला तर दोघांना कायम करतो."

कायम! विजया, जिच्याशी मला लग्न करायचं होतं, तिच्या वडिलांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "पाव्हणं, मुलगा चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण हंगामी माणसाला कायमची बायको कशी देऊ?" चैत्रापर्यंत थांबतो म्हणाले होते, आणि हा फाल्गुन होता. तिच्यासाठी दुसरं स्थळ येऊन बसलं होतं, तलाठी, तो जन्माला आला तोच कायम होऊन.

अंतिम सामना सूतगिरणीशी. त्यांचा क्षेपक यासीन मोमीन. मी आणि तो एका शाळेत, एका बाकावर. आमच्या दोघांत मिळून चामड्याचा एकच हातमोजा होता, एक दिवस त्याचा, एक दिवस माझा. तोही गिरणीत हंगामीच होता. चेंडू टाकायच्या आधी तो दोन्ही हात डोक्यावर न्यायचा, डावा पाय छातीपर्यंत उचलायचा, क्षणभर तसाच थांबायचा आणि मग असा चेंडू सोडायचा की फलंदाजाला वाऱ्याशिवाय काही लागायचं नाही.

नऊ डावांचा सामना. आठ डाव होऊन सहा-सहा बरोबरी, आणि नवव्यात गिरणीला एकही धाव मिळाली नाही. आता आमचा नववा. आमच्या क्षेपकाचा खांदा सुजून भाकरीएवढा झाला होता, तो एकच म्हणत होता, "आत्ता संपवा रे, दहावा डाव माझ्याच्यानं होत न्हाई." आमचे दोन बाद झाले. मी फटका मारून दुसऱ्या तळावर गेलो, आणि पुढच्याच्या फटक्यावर तिसऱ्या. म्हणजे स्वगृह तीस पावलांवर. एक धाव आली की चषक आमचा.

आणि फलंदाजीला कोण? जितूबाबा. दादासाहेबांचा पुतण्या. बाबा दिसायला गोरेगोमटे, कपडे परीटघडीचे, आणि साऱ्या मोसमात त्यांच्या बॅटला चेंडू लागला होता तो एकदाच, तोही बॅट खांद्यावर असताना.

पहिला चेंडू. बाबांनी डोळे मिटून बॅट फिरवली. हुकला. दुसरा चेंडू. बाबांनी आधी बॅट फिरवली, मग चेंडू आला. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "बाबा, चेंडूला अपॉइंटमेंट द्या की!" तिसरा हुकला की बाबा बाद, आणि तिसरा माणूस बाद म्हणजे डाव खलास.

मी यासीनकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. कशाला बघेल? ठराव क्रमांक चौदा त्याच्या ड्रेसिंग रूममध्ये चिकटवलेला होता. त्यानं सावकाश हात डोक्यावर नेले, पाय छातीपर्यंत उचलला.

मी विचार केला म्हणून सांगत नाही. विचार केला असता तर उभाच राहिलो असतो. मी पळालो. माझ्या आयुष्यात मी एवढा कधी पळालो नाही, आधी नाही, नंतर नाही. यासीनचा पाय हवेत, तोंड उघडं, हात सुटला तेव्हा मी निम्म्यावर होतो. चेंडू माझ्याबरोबरच येत होता, त्याचा सूं आवाज मला ऐकू येत होता. मी अंगावर येतोय हे बघून जितूबाबा "अगं आई गं!" करून मागं उडाले आणि पार्श्वभागावर आपटले. ग्राहकानं चेंडू झेलला (बाहेरचा होता आणि बॅट फिरली नव्हती, म्हणून तो हुकल्यात धरला नाही) आणि मला लावून बाद करायला हात खाली आणला. मी फुफाट्यात अंग टाकलं आणि त्याच्या हाताखालून पोत्याला पाय लावला.

धुरळा. कुणाला काही दिसेना. मग पंचानं दोन्ही हात पसरले, आणि गुणलेखक म्हणून बसलेल्या मास्तरांनी लाउडस्पीकरवर शुद्ध वाणीत जाहीर केलं, "बुरुंगले यांनी स्वगृहचौर्य केले आहे. कारखाना एका धावेने विजयी!"

पोरांनी मला खांद्यावर घेतलं. दादासाहेब स्वतः मैदानात धावत आले, त्यांचा फेटा सुटला तरी त्यांना भान नव्हतं. चषक त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि फोटो होईपर्यंत खाली ठेवला नाही. गर्दीत यासीननं माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

"हरामखोरा," तो हसत म्हणाला, "ठरावाचं काय?"

"विसरलो."

"चोरावी तर अशी लेका! बघ, अजून अंगावर काटा आहे."

मी घरी पोचायच्या आत आई गल्लीभर साखर वाटून आली होती. "माझ्या सोपानानं चोरी केली हो! दिवसाढवळ्या, सगळ्या तालुक्यादेखत!" म्हातारीचा आनंद मावत नव्हता. शेजारची काकू घाबरून विचारत होती, "आणि पोलीस काय म्हणाले?"

आता ह्यात वाईट काय झालं असतं? काही नसतं झालं. पण महिन्यावर कारखान्याची निवडणूक होती. विरोधी पॅनेलचं एक साप्ताहिक निघायचं. त्यांनी पहिल्या पानावर ठळक छापलं: "कारखान्याला चोरीत पहिला क्रमांक! लाउडस्पीकरवरून शिक्कामोर्तब." खाली बारीक अक्षरांत चषकाचं होतं, पण ते वाचतंय कोण? तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलं गेलं: आमच्या घरात चोर कोण? लोक थांबून वाचायचे आणि हसायचे, आणि ते बेसबॉलला हसत नव्हते.

त्याच स्टँडवर यासीन भेटला. चेहरा उतरलेला.

"सोप्या, आमच्याकडं पण चौकशी आहे. मॅनेजर म्हणतो, चोरी झाली असेल तर तुझा दोष नाही, त्यानं हिंमत केली. पण तुझ्या चुकीनं धाव गेली असेल तर उद्यापासून येऊ नको. बेसबॉलच्या जिल्हा संघटनेकडनं सामन्याची गुणपत्रिका यायची वाट बघतायत."

"मग घाबरतोस कशाला? मास्तरांनी चोरीच लिहिलीय. त्यांच्या अक्षरात."

"तसंच राहू दे म्हणजे झालं," तो म्हणाला. "घरात चार तोंडं आहेत रे."

"मास्तर म्हणजे दगडावरची रेघ," मी म्हणालो. आणि मला तसंच वाटत होतं, देवाशपथ.

दुसऱ्या दिवशी मला संचालक मंडळाच्या खोलीत बोलावलं. टेबलावर मधोमध चषक. एका बाजूला दादासाहेब, एका बाजूला लेबर ऑफिसर कुलथे साहेब, आणि कोपऱ्यात गुणपुस्तिका मांडीवर घट्ट धरून भाटवडेकर मास्तर.

"बुरुंगले," कुलथे साहेबांनी कागद पुढं ओढला, "दिनांक अकरा रोजी आपण चोरी केली, हे खरं आहे काय?"

"साहेब, खेळातली."

"हो किंवा नाही."

"म्हणजे हो, पण..."

"'हो' लिहा," दादासाहेब म्हणाले. मग माझ्याकडं बघून एकदम मऊ झाले. "सोपान, तू घरातला पोरगा. ठराव मोडलास, त्याची शिक्षा बडतर्फी. माझ्या हातात काही नाही, ठराव म्हणजे ठराव. पण मला सांग, चोरी झालीच कशावरनं? त्या मोमीनचं लक्ष नव्हतं, पाय वर करून बसला होता बगळ्यासारखा. त्याची चूक झाली, तू आपला चालत घरी आलास. आपल्या घरी येणं ही काय चोरी आहे?"

"पण चषक?"

"चषक कुठं जातोय? धाव ती धावच. फक्त नाव बदलायचं. मास्तर, चुकीला तुम्ही काय म्हणता?"

"प्रमाद," मास्तर म्हणाले. "पण मी शब्द बदलणार नाही. मी जे पाहिलं ते चौर्य होतं. निर्मळ, निखळ चौर्य." मग ते नियमांचं पुस्तक चाळून खालच्या आवाजात म्हणाले, "एकच मार्ग आहे. धावणाऱ्यानं स्वतः लेखी दिलं तर गुणलेखकाला दुरुस्ती करावी लागते. नियम एक्काहत्तर." मला वाटतं त्यांना खात्री होती की मी देणार नाही. त्यांनी माझ्याकडं फार विश्वासानं बघितलं.

कुलथे साहेबांनी दोन कागद माझ्यापुढं ठेवले. एक बडतर्फीचा. त्यावर कारण लिहिलेलं: चोरी. तो कागद घेऊन मी जिल्ह्यात कुठल्या दारात उभा राहणार होतो? दुसरा अर्ज, टाइप करून तयार: सदर धाव सूतगिरणीच्या क्षेपकाच्या प्रमादामुळे मिळाली, मी चोरी केली नाही. त्याला टाचणीनं जोडलेली माझी कायम नेमणुकीची ऑर्डर.

"ह्याची प्रत गिरणीला जाणार?" मी विचारलं.

"संघटनेला जाते, संघटनेकडनं दोघांना जाते. पद्धत आहे."

"यासीनची नोकरी जाईल साहेब."

"तो सूतगिरणीचा अंतर्गत प्रश्न आहे," दादासाहेब म्हणाले. "आपण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नाही."

माझ्या डोळ्यांपुढं विजया आली, तो तलाठी आला, साखर वाटणारी आई आली. यासीनच्या घरची चार तोंडंसुद्धा आली, खोटं कशाला बोलू. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं आणि सही केली. सही करताना माझं पेन उमटेना म्हणून कुलथे साहेबांनी स्वतःचं दिलं. मास्तरांनी गुणपुस्तिका उघडली, 'चौर्य' वर एक रेघ ओढली, बाजूला 'प्रमाद' लिहिलं, पुस्तिका टेबलावर ठेवली आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेले. पुन्हा ते मैदानावर आले नाहीत.

पुढच्या रविवारी सत्कार झाला. दोघं कायम झाले. एक मी, 'प्रामाणिकपणाबद्दल'. दुसरे जितूबाबा. कारण त्यांनी स्वतःची फलंदाजी बाजूला ठेवून सहकाऱ्याला वाट करून दिली होती. मानपत्रात त्याला 'त्याग' म्हटलं होतं. बाबांना अजून खुर्चीवर नीट बसता येत नव्हतं, त्यांनी ते उभ्यानंच स्वीकारलं.

आईला मी सांगितलं की चोरी नव्हती, समोरच्याची चूक होती. "मग मी गल्लीत काय सांगू?" ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी यासीन कारखान्यावर आला. मी काट्याच्या खोलीत होतो, कुलथे साहेब हजेरीपट बघत शेजारी उभे. यासीनच्या हातात काही नव्हतं. भांडायला आलाय असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, त्यानं भांडावं असंही वाटलं.

"नोकरीचं बोलायला आलो नाही," तो म्हणाला. "ती गेली. मामा भिवंडीला बोलावतोय, मागावर. एकच विचारायचंय. तू लिहून दिलंस ते खरं का?"

मी काट्यावरचं वजन उगीच सरकवलं.

"सोप्या, पंधरा दिवस माझ्या डोक्यात तोच चेंडू फिरतोय. पाय मी नेहमीसारखाच उचलला. का जास्त वेळ धरला? का माझं ध्यान नव्हतं? आधी मला वाटलं, तू पळालासच असा की कुणालाही सापडला नसतास. पण तू स्वतः लिहिलंस म्हणल्यावर..." तो थांबला. "तिथं आपण दोघंच होतो. तूच सांग. तू चोरलीस का मी चुकलो?"

कुलथे साहेबांनी हजेरीपट मिटला आणि माझ्याकडं बघितलं. माझी नेमणूक कायम असली तरी पहिले सहा महिने परीक्षेचे होते. माझ्या लग्नाच्या पत्रिका छापायला गेल्या होत्या.

तो शिव्या देईल तर बरं, असं मला झालं होतं. पण तो शाळेत मास्तरांना गणित विचारायचा तसा उभा होता, उत्तर ऐकायला.

"चुकलास," मी म्हणालो.

"पाय जास्त वेळ धरला?"

"हो."

"वाटलंच मला," तो म्हणाला. त्यानं खाली बघून मान हलवली, स्वतःवरच चिडल्यासारखी. "मला कळायला पाहिजे होतं. तुला उगीच बोल लावत होतो रे मनात. माफ कर."

माझा हात हातात घेऊन त्यानं दाबला आणि तो फाटकाकडं चालायला लागला. त्याचा माझ्यावर विश्वास बसला होता.

"शाबास बुरुंगले," कुलथे साहेब म्हणाले. "माणसानं खरं ते तोंडावर सांगून टाकावं. मग कुणाच्या मनात काही राहत नाही."

मी म्हणालो, "हो साहेब."